या बँडचं नाव ऐकलंय का?

इथे आखातात, अल नहदातल्या आमच्या बाल्कनीत सकाळी झाडू मारला तरी संध्याकाळपर्यंत पुन्हा वाळू साचतेच. कुठून येते ते दिसत नाही, पण येते. आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी भरणाऱ्या मंडळाचे किस्सेही असेच साचले आहेत. मी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. मी फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही घेऊन बसलेली असते. न बोलणाऱ्या माणसाला फार ऐकू येतं!

मंडळाचं नाव 'उपेक्षित'. काम एकच, ब्रिटिश पंक बँड ऐकणं. पंक म्हणजे पन्नासएक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रागावलेल्या पोरांनी गिटारवर तीन कॉर्ड शिकून सगळ्या जगावर ओरडायला घेतलं, ते संगीत. त्यातले जे बँड गाजले त्यांचं नावसुद्धा आमच्या हॉलमध्ये काढायचं नाही. मंडळाला न गाजलेलेच लागतात. ज्यांची एकच रेकॉर्ड निघाली, तीही खपली नाही, आणि ज्यांना आता कुत्रंही विचारत नाही, असे.

सभासद तीन. घाटे काका पुण्याचे, इथल्या देरा भागात एका इन्शुरन्स ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत. मंडळ त्यांनी काढलं, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा. सामंत काका मालवणचे, शिपिंगमध्ये आहेत. त्यांचा शब्द घाटे काकांच्या लगेच नंतर येतो आणि तो नेहमी "बरोब्बर!" असतो. तिसरे माझे बाबा. ते एसीच्या डक्टची डिझाइन्स करतात. हॉल आमचा, रेकॉर्ड प्लेअर आमचा, चहा आमचा, त्यामुळे बाबांना शब्द कुणी विचारत नाही.

माझी नेमणूक घाटे काकांनी केली. "दिवेकर, तुमच्या मृणालचं अक्षर छान आहे, आणि ती बोलत नाही. सेक्रेटरी अशीच पाहिजे!" तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता पंधरा वर्षांची आहे. माझ्या दोन गुणांपैकी एकातही फरक पडलेला नाही.

वहीत बँडचं नाव लिहिण्याचे नियम तीन आहेत. पहिला, बँड ब्रिटिश आणि त्याच काळातला हवा. दुसरा, तो गाजलेल्या बँडपेक्षा सरस हवा. हा नियम कधीच कुणी तपासत नाही. तिसरा नियम मात्र फार कडक. बँडचं नाव तीन बाहेरच्या माणसांना सगळ्यांसमोर विचारायचं. तिघांनीही "नाही ऐकलं" म्हटलं तर बँड वहीत. एकानेही "हो" म्हटलं, तर घाटे काका तळहात हवेत आडवा फिरवून म्हणतात, "खलास!" मग मी ते नाव पेन्सिलने खोडते.

प्रत्येक बँडपुढे तो कुणी आणला त्याचं नाव असतं. सहा वर्षांत घाटे काकांचे चौदा झाले, सामंत काकांचे नऊ. बाबांचा एकही नाही. सगळे गेले की बाबा कप उचलताना वही उगाच चाळतात आणि म्हणतात, "बघू, पुढच्या शनिवारी." आई म्हणते, "सहा वर्षं चहा पाजतोय, एक ओळ दिली नाही मेल्यांनी!"

वहीबद्दल माझं मत चांगलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, मला तिच्यात बाबांचं नाव लिहायचं होतं.

*

तिसऱ्या नियमाची पहिली पायरी म्हणजे रफीकभाई. ते आमच्या इमारतीचे नातूर, म्हणजे राखणदार. पेशावरकडचे आहेत. सहा वर्षांत त्यांना पन्नासेक इंग्रजी बँडची नावं विचारून झाली आहेत. सुरुवातीला ते घाबरायचे. त्यांना वाटायचं, ही कुणा पळून गेलेल्या भाडेकरूंची नावं आहेत.

एकदा सामंत काकांनी त्यांना लिफ्टपाशी गाठून विचारलं, "रफीकभाई, ये 'नॅस्टी अंब्रेला' का नाम सुना है?"

रफीकभाईंनी बराच विचार केला. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "साब, खुदा कसम, इस बिल्डिंग में कभी नहीं आया. आएगा तो मैं ऊपर नहीं छोड़ूँगा!"

बँड वहीत गेला. सामंत काकांचा पाचवा.

*

एकदा सामंत काकांच्या मनात आलं की नुसतं ऐकून चालत नाही, पंक अंगावर दिसला पाहिजे. त्यांनी मॉलमधून एक काळा टी-शर्ट आणला. कंपनीनेच तो अकरा ठिकाणी फाडून दिलेला होता. एकशे ऐंशी दिरहम! "म्हणजे चार हजारांच्या वर रुपये," आई स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली. इथे आमच्याकडे किंमत दोनदा सांगायची पद्धत आहे. एकदा धक्का बसायला, एकदा तो पोचायला.

तो टी-शर्ट घालून काका दोन शनिवार आले. पोट मोठं असल्यामुळे भोकं गोल दिसत. घाटे काका म्हणाले, "सामंत, आता खरा माणूस दिसतोय तुमच्यातला!" मला टी-शर्टमधून बनियन दिसत होतं.

तिसऱ्या शनिवारी काका साध्या शर्टात आले. चेहरा पडलेला. मागोमाग काकू आल्या, हातात घडी केलेला काळा टी-शर्ट. काकूंनी तो खालच्या टेलरकडे दिला होता. टेलरने अकराच्या अकरा भोकं रफू केली होती, इतक्या सफाईने की शोधून सापडत नव्हती.

"एवढं बारीक काम! किती घेतले त्याने?" आईने विचारलं.

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, आमच्या ह्यांचा आहे, तर म्हणाला, भाभीजी, अच्छे दिन भी आएँगे. पैसे रहने दो!"

*

मंडळाला व्यवस्था मान्य नाही. कुठलीच. घाटे काका म्हणतात, "पंक म्हणजे कुणाच्या बापाला न घाबरणं!" हे वाक्य ते हळू आवाजात म्हणतात, कारण वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे.

एका शनिवारी 'ग्रॅव्हल प्रॅम' नावाच्या बँडची रेकॉर्ड लावली होती. गाणारा मुलगा जीव खाऊन सांगत होता की मी कुणाचंही ऐकणार नाही. पोलिसांचं नाही, मालकाचं नाही, राणीचं तर मुळीच नाही. सामंत काकांनी मुठी वळल्या होत्या. घाटे काका डोळे मिटून मान झटकत होते.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. रफीकभाई होते. "साब, थोड़ा आवाज़."

घाटे काका स्वतः उठले. "सॉरी रफीकभाई, सॉरी. अभी करता है. सॉरी हाँ!" त्यांनी आवाज आठावरून तीनवर आणला. आता तो मुलगा राणीबद्दल जे काही म्हणत होता ते तिच्या कानात सांगितल्यासारखं वाटत होतं.

काका खुर्चीवर येऊन बसले आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "कमी आवाजात बंड जास्त खोल जातं."

"बरोब्बर!" सामंत काका म्हणाले.

*

घाटे काकांचा एक दावा आहे. त्या काळातला कुठलाही ड्रमर ते पहिल्या चार ठोक्यांत ओळखतात. "चेहरा नको, नाव नको. चार ठोके द्या!" सहा वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की वहीच्या मागच्या पानावर त्यासाठी उभ्या रेघा मारायला घेतल्या होत्या. पान भरल्यावर सोडून दिलं.

एकदा मंडळ जमलं होतं, पण रेकॉर्ड अजून लागायची होती. बाबा सुईवरची धूळ झटकत होते. आतून ठोके ऐकू आले. ठक, ठक-ठक, ठक. घाटे काकांनी झटकन हात वर केला. "थांबा! कुणी बोलू नका."

सगळे थांबले. ठक, ठक-ठक, ठक.

"हा 'डेड कॅरव्हॅन'चा दुसरा ड्रमर," काका डोळे मिटून म्हणाले. "पहिला नव्हे. पहिला आळशी होता. हा बघा, डाव्या हाताला किती राग आहे! मृणाल, मोबाइलवर लावलंयस का तू?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

आई पदराला हात पुसत दारात आली. "मी आलं ठेचतेय," ती म्हणाली. "चहात घालू, का वहीत लिहिताय?"

*

आता बाबांच्या बँडचं काय व्हायचं ते सांगते.

बाबांनी 'ग्रेव्ही रायट' नावाचा बँड आणला होता. महिनाभर शोधून काढलेला. रफीकभाईंनी ऐकला नव्हता. दुसरी पायरी म्हणजे खालचा कॅफेटेरियावाला अश्रफ. हा मनुष्य गिऱ्हाइकाला कधीच "नाही" म्हणत नाही.

त्याच्याकडे कसं विचारायचं हे घाटे काकांना बरोबर ठाऊक आहे. स्वतःच्या बँडच्या वेळी ते विचारतात, "अश्रफ, ये नाम तो तुमने नहीं सुना होगा ना?" अश्रफ म्हणतो, "नहीं साब, नहीं सुना." बँड वहीत.

बाबा सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "अश्रफभाई, 'ग्रेव्ही रायट' सुना है?"

"सुना है साब!" अश्रफ आनंदाने म्हणाला. "बहुत अच्छा है."

"खलास!" घाटे काका म्हणाले.

"अहो, तो सगळ्यालाच हो म्हणतो!" बाबा म्हणाले. "मागच्या आठवड्यात मी उकडीचे मोदक आहेत का विचारलं, तर म्हणाला, है साब, दस मिनट. आणि दहा मिनिटांनी समोसे आले!"

"दिवेकर, नियम म्हणजे नियम."

"पण पंकमध्ये नियम..." बाबांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

मी नाव खोडलं. घाटे काकांच्या चौदा नावांपैकी किती जण "ना?" लावून आत आले ते मला ठाऊक होतं. तोंड उघडायचा प्रश्नच नव्हता. मी त्या नावांपुढे पेन्सिलने एक बारीक टिंब मात्र देऊन ठेवलं. अकरा टिंबं झाली.

*

सहा वर्षांत मी एकदाच बोलले.

मी स्वतः शोधलेला एक बँड होता. तीन मुली, एका गॅरेजमध्ये केलेलं रेकॉर्डिंग. ड्रम वाजवणारी चुकली की बाकीच्या दोघी हसतात ते रेकॉर्डमध्ये तसंच राहिलेलं. मला ते फार आवडलं होतं. मी आठवडाभर वाक्य तयार केलं आणि शनिवारी, चहा आणि बिस्किटांच्या मधल्या शांततेत, म्हणून टाकलं.

तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीच बोलली.

"मुलींचा?" सामंत काका म्हणाले.

घाटे काका प्रेमाने हसले. "अगं बाळा, पंकला आतून संताप लागतो. मुलींना तसा संताप येत नाही."

मी मान खाली घातली आणि ते वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. तारखेसकट.

*

इथून कुणी कायमचं निघालं की घरातलं सगळं विकून जातं. सोफा, पडदे, मुलांच्या सायकली. देऱ्याला अशा सामानाचं एक दुकान आहे. तिथे बाबांना एका खोक्यात जुन्या केकच्या साच्यांखाली एक छोटी रेकॉर्ड सापडली. दहा दिरहम. आई आतून काही म्हणाली नाही, कारण दोनशेतीस रुपयांना ती धक्का मानत नाही.

बँडचं नाव 'द वेट टाइमटेबल्स'. भिजलेली वेळापत्रकं! दोन बाजूंना दोन गाणी. एक बस न येण्याबद्दल, दुसरं ती आल्यावर न थांबण्याबद्दल. बाबांनी इंटरनेट पालथं घातलं. कुठे एक ओळ नव्हती.

कव्हरवर चार मुलं बसस्टॉपवर उभी आहेत. तिघांनी रागीट चेहरे केले आहेत. चौथ्याला ते जमलेलं नाही. त्याच्या हातात ड्रमच्या काठ्या आहेत, आणि त्याचा उजवा कान वरून दुमडलेला आहे, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसा.

पण खरी गंमत सुरुवातीला आहे. ड्रमर तीन ठोके देतो आणि थांबतो. चुकलेला असतो. मग खोकतो. एकदाच, ओशाळल्यासारखा. आणि पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा रेकॉर्ड करायची ऐपत नसावी, कारण ते सगळं तसंच ठेवलं आहे. बाबा रोज ऑफिसला निघण्याआधी ती रेकॉर्ड लावत. शाळेची बस यायच्या आधी बूट घालताना मी ऐकत असे. तीन ठोके, थांबला, खोकला, पुन्हा पहिल्यापासून. वर्गात उभं राहून वाचायची वेळ आली की माझंही अगदी असंच होतं.

बाबांनी ती मंडळात लावली. घाटे काका दोन्ही बाजू ऐकून म्हणाले, "ड्रमर कच्चा आहे. पण उपेक्षित आहे खरा."

"उपेक्षाच व्हायला हवी होती," सामंत काका म्हणाले.

रफीकभाई म्हणाले, "नहीं साब." मग सगळे कॅफेटेरियात गेलो. या वेळी बाबा शिकले होते. "अश्रफभाई, ये नाम तो तुमने नहीं सुना होगा ना?"

"ऑब्जेक्शन!" घाटे काका म्हणाले. "दिवेकर, तुम्ही त्याला उत्तर सुचवताय. नीट विचारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. बाबांनी नीट विचारलं, "अश्रफभाई, 'द वेट टाइमटेबल्स' सुना है?"

अश्रफने बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची पंचाईत झाली असावी.

"नहीं साब," तो हळूच म्हणाला. "सुनना चाहिए था क्या?"

दोन झाले! बाबांनी सगळ्यांना दाट दुधाचा करक चहा पाजला. एकच माणूस उरला होता. घाटे काका चहा फुंकत म्हणाले, "तिसरी परीक्षा मात्र कडक घेऊ. नातूर काय, कॅफेटेरिया काय, हे आता सरावलेत. तिसरा माणूस त्या काळातला हवा. अस्सल इंग्रज!"

"तुमच्या चौदांपैकी एकालाही इंग्रज नव्हता," असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि बिस्किट घातलं.

*

डिसेंबरात मंडळाची सहकुटुंब सहल असते. या वेळी समुद्राकाठचं खोर फक्कान ठरलं. "पोर्ट आहे, म्हणजे एखादा म्हातारा गोरा सापडेलच," सामंत काका म्हणाले. दोन गाड्या, पोह्यांचा डबा, चहाचे दोन थर्मास, एक आइसबॉक्स. बाबांनी रेकॉर्ड बरोबर घेतली होती. ऊन लागून वाकू नये म्हणून ती टॉवेलात गुंडाळून त्यांनी छातीशी धरली होती. डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांमधून जाताना आई म्हणाली, "मृणालला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा असं धरलं नव्हतं हो तुम्ही."

समुद्रकिनाऱ्यावर दोन तास गेले. पहिला गोरा माणूस रशियन निघाला. दुसरा जर्मन. तिसरा इंग्रज होता, पण तिशीतला. घाटे काकांनी त्याला वय कमी म्हणून परत पाठवलं. त्याला कशासाठी बोलावलं होतं हेही त्याला कळलं नाही.

मग आम्ही बसलो होतो तिथून जवळच, सावलीत, घडीच्या खुर्चीवर एक म्हातारा दिसला. डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली टोपी. तो लांब क्रेनखाली उभ्या असलेल्या कंटेनरच्या जहाजाकडे बघत होता. सामंत काका जाऊन चौकशी करून आले. "इंग्रज आहे. पोर्टवर क्रेन चालवणाऱ्यांना सेफ्टी शिकवतो. वीसएक वर्षं इथेच आहे. वय एकदम बरोब्बर!"

"मृणाल जाईल," घाटे काका म्हणाले. "तिचं इंग्लिश चांगलं आहे, आणि लहान मुलीशी कुणी खोटं बोलत नाही. आम्ही इथून ऐकतो. नीट विचार हं, काही सुचवायचं नाही."

मी मनात वाक्य तयार करायला घेतलं. बाबांनी टॉवेल जरा घट्ट धरला.

मी वही घेऊन गेले. तयार केलेलं वाक्य म्हटलं. "एक्स्क्यूज मी सर. तुम्ही 'द वेट टाइमटेबल्स' नावाच्या बँडबद्दल ऐकलं आहे का?"

तो जहाजाकडे बघत होता. तसाच बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही.

मग त्याने विचारलं, "का विचारतेस?"

मी त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. मंडळ, वही, तिसरा नियम. एवढं सलग मी कुणाशी बोललेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, "कुणीच ऐकलेलं नसेल तर नाव वहीत जातं. एकाने जरी ऐकलेलं असेल, तर खोडायचं."

"मूर्खपणा आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "आणि तो बँड कुणी आणला?"

"माझ्या बाबांनी. ते टॉवेलवाले."

त्याने बाबांकडे बघितलं. बाबांनी टॉवेलचं एक टोक उघडून हात हलवला. कव्हरचा कोपरा दिसला, बसस्टॉपचा खांब.

"त्यांना आवडतो?"

"रोज लावतात. ऑफिसला जायच्या आधी."

"आणि तुला?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण वेळ मिळाला नाही. "मला गाणी एवढी नाही आवडत," मी म्हटलं. "मला खोकला आवडतो."

त्याने टोपी काढली. डोकं खाजवलं. मग टोपी पुन्हा घातली, पण तेवढ्यात माझं बघून झालं होतं. उजवा कान वरून दुमडलेला होता, वहीच्या पानाचा कोपरा दुमडावा तसा.

मी वही छातीशी धरली. पेन्सिल वहीतच होती, खोडायला तयार.

तो माझ्या डोक्यावरून मंडळाकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "कधीच नाही! उभ्या आयुष्यात हे नाव ऐकलेलं नाही."

आई पहिल्यांदा ओरडली. मग काकू. सामंत काकांच्या तोंडून चुकून "बरोब्बर!" निघून गेलं. घाटे काका समुद्राकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. नियम म्हणजे नियम."

मी आइसबॉक्सवर वही ठेवून चोवीस नंबर घातला. बँडचं नाव लिहिलं. पुढे, जितकं सुंदर येतं तितक्या सुंदर अक्षरात, लिहिलं: विनायक दिवेकर. बाबा वाकून बघत होते. त्यांनी ते नाव दोनदा वाचलं, जसं काही दुसऱ्याचंच आहे.

आईने त्या म्हाताऱ्याला चहाला बोलावलं. "बिचारा एकटाच बसलाय." तो आला. आइसबॉक्सच्या बाजूला वाळूत बसला. पोहे आवडले म्हणाला. बाबांनी टॉवेल उघडून त्याला रेकॉर्ड दाखवली. त्याने ती लांब धरून, चष्म्याशिवाय बघतात तशी बघितली आणि "छान कव्हर," एवढंच म्हणून परत दिली.

मग सगळे आपापसात मराठीत बोलायला लागले. घाटे काका नव्या परीक्षा सांगत होते. बाबा त्यांच्या कपात चहा ओतत होते. म्हाताऱ्याने रिकामा कप बाजूला ठेवला आणि जहाजाकडे बघत आइसबॉक्सच्या झाकणावर दोन बोटांनी वाजवायला घेतलं.

तीन ठोके. थांबला. एकदा खोकला. मग पहिल्यापासून.

बाबांच्या हातातला थर्मास तिरपाच राहिला. चहा कपातून वर येऊन घाटे काकांच्या पँटवर गेला.

"अहो दिवेकर! यल्ला, लवकर टॉवेल द्या तो!" घाटे काका उठून पँट झटकत म्हणाले. मग मान हलवून त्या बोटांकडे बघितलं आणि हळूच आमच्याकडे वाकले. "बघा, इंग्रज असून साधे चार ठोके धड येत नाहीत. या माणसाला संगीतातलं काय विचारायचं!"